ती काडी तू घडवली नव्हतीस

दादा,

तुझ्या दहाव्याला नदीकाठी, माईक हातात घेऊन, सगळ्या गावासमोर मी तुला खोटं पाडलं. त्याला आज दोन दिवस झाले. तुझे दोस्त केदू अण्णा माझा फोन उचलत नाहीत. चुलत्यांनी निरोप धाडलाय की तेराव्याला ये, जेव आणि गुपचूप सातपूरला परत जा. मी येणार आहे, जेवणारही आहे, पण गुपचूप राहणं मला जन्मात जमलेलं नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. ज्यांनी हे ठरवलं त्यांना तुझ्यासारखा भाऊ नसणार. मला तुझा राग आलाय, चांगला सणकून आलाय, आणि तो गिळून मी फोटोला हार घालणार नाही.

"शैले, तू दरवेळी मधूनच सुरू करती," असं तू म्हणायचास. ठीक आहे. पहिल्यापासून सांगते, म्हणजे मी काही फिरवून सांगितलं असं तुला म्हणता येणार नाही.

आठ वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. द्राक्षात साखर भरत आली होती आणि नको तेव्हा पाऊस पडून गेला. तुझ्या बागेतले निम्मे मणी तडकले. मी कॉलेजात बारावीच्या उजळणीच्या तासाला उभी होते आणि तू एकामागून एक सहा फोन केलेस. मला वाटलं, कुणीतरी गेलं. बाहेर येऊन उचलला तर तू म्हणालास, "तुझ्या पुस्तकातलं कायतरी माझ्या झाडाला लागलंय. ये लवकर, नायतर पाखरं खातील." मी जीवशास्त्र शिकवते म्हणून सापापासून बुरशीपर्यंत कशालाही मला बोलवायची तुला सवयच होती. मी चिडचिड करत स्कूटर काढली आणि दिंडोरी रस्त्याला लागले.

सतराव्या ओळीतलं ते झाड. सगळ्या फांद्यांवर, तुझ्या भाषेत काड्यांवर, नेहमीचे घड, मणी फुटलेले, रस गळतोय, माशा घोंगावतायत. आणि एकाच काडीवर दोन घड निराळे. मणी लांबट, बोटाच्या पेराहून मोठे, सालीला तजेला, आणि एकही तडकलेला नाही. खोड तेच, पाणी तेच, खत तेच, पाऊसही तोच. तू माझ्या तोंडाकडे बघत उभा होतास, पोरांचा निकाल लागायच्या वेळी बाप उभे असतात तसा. मी दोन्ही घड खालून हातात धरून बघितले आणि म्हणाले, "दादा, हे उत्परिवर्तन आहे." मला वीस वर्षांत फळ्यावर शंभर वेळा लिहिलेली गोष्ट पहिल्यांदा हाताला लागत होती. मी तुला त्या दिवशी धन्यवाद म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी तास घेतला.

वेलांच्या मांडवाखाली कॅरेट पालथे घालून आपण बसलो. वहिनी चहा घेऊन आल्या. मी तुला सांगितलं की झाड वाढतं म्हणजे पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जातात, आणि दरवेळी पेशीला आपला सगळा डीएनए, चार अक्षरांत लिहिलेला तो लांबलचक मजकूर, नव्याने उतरवून काढावा लागतो. उतरवताना चुका होतात. पेशी त्या स्वतःच तपासते, बहुतेक दुरुस्तही करते, तरी एखादी सुटते. कधी कधी उतरवताना चूक होत नाही, पेशीतल्या साध्या पाण्यानेच एखादं अक्षर झिजतं आणि पुढच्या वेळी भलतंच वाचलं जातं. कधी मजकुराचा एक तुकडाच जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतो. माझ्या वर्गातल्या जर्नलांसारखं आहे हे. एकाने अमिबाचं चित्र चुकवलं की त्याच्यावरून उतरवणाऱ्या चाळीस जणांच्या जर्नलात तोच चुकलेला अमिबा. तुझ्या झाडाच्या एका डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या कोंबात, तो फुटायच्या आधी, एका पेशीत अशी चूक राहून गेली. ती पेशी वाढत गेली आणि तिच्यापासून ही काडी झाली.

तू चहा तसाच हातात धरून ऐकत होतास. मग विचारलंस, "म्हंजे मी काहीच केलं नाय?"

"नाही," मी म्हणाले. "तू काहीच केलं नाहीस. आपोआप झालंय. म्हणून तर भारी आहे."

तुझा चेहरा मला तेव्हा दिसला नसेल असं नाही. दिसला होता. पण मी माझ्याच आनंदात होते. तू थोडा वेळ त्या काडीकडे बघितलंस आणि म्हणालास, "या काडीला मी पेस्ट दोनदा लावली व्हती."

इथून आपलं भांडण सुरू झालं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना जी पेस्ट लावतात, ती. मी सांगितलं की पेस्ट झोपलेल्या डोळ्याला उठवते, डोळ्यात काय लिहिलंय ते बदलत नाही. तू म्हणालास, तुला कसं माहीत. मी विचारलं, बाकीच्या ज्या काड्यांना दोनदा लावली त्यांचं काय झालं? "जळाल्या." मग? "ही नाय जळाली, हेच तर सांगतोय." असल्या माणसाशी काय बोलायचं? मी हसले. तुला ते हसणं लागलं असणार. मग तू विचारलंस, माणसाला मुद्दाम करता येतं का नाही असं? मी म्हणाले, येतं. क्ष-किरण, गॅमा किरण मारले की डीएनएची साखळी तुटते आणि जोडताना चुकते. काही रसायनं अक्षरांनाच जाऊन चिकटतात आणि मग त्या अक्षराची जोडी चुकीच्या अक्षराशी लागते. तू म्हणालास, "मंग झालं तर. येतं." तेवढ्यात माझा फोन वाजला, घरी पाहुणे आले होते, मी उठले. धडा अर्धाच झाला होता. उरलेला अर्धा मी तुला कधीच सांगितला नाही, आणि तू पुढे आठ वर्षं जगाला सांगत राहिलास की माणसाला हे करता येतं असं आमच्या मॅडमच म्हणाल्यात.

निघताना मात्र मी बजावलं होतं. त्या काडीला खूण कर. एप्रिलची खरड छाटणी मी येईपर्यंत करू नको, तिचे डोळे काढून आपण दुसऱ्या खुंटांवर कलमं भरू, म्हणजे एकाची दहा झाडं होतील. तू म्हणालास, "मला माझी झाडं वळखू येतात. तुझ्यासारखी पोरांची हजेरी नाय घ्यावी लागत."

एप्रिलमध्ये मी बारावीचे पेपर तपासत होते. सुरगाण्याची छाटणीची टोळी ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी आली. खरड छाटणीत झाडावरची काडी न् काडी बुंध्याजवळ कापतात, सगळं झाड बोडकं करतात, नवं फुटायला. टोळीतल्या मुकादमाने सतराव्या ओळीत थांबून तुला विचारलंही, "भाऊ, हे झाड तुम्ही लोकास्नी दाखवत व्हते ना? याचं काय करायचं?" हे मला वहिनींनी सांगितलं, तू नाही. तू म्हणालास, "काप. एकदा केलंय ते पुन्हा करू."

दादा, आठ वर्षं झाली, मला अजून हे वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. ज्याला वाटतं आपोआप झालंय, तो माणूस ती काडी पोटच्या पोरासारखी जपेल, कारण परत कधी होईल याचा भरवसा नाही. आपण केलंय असं ज्याला वाटतं, तो कात्री चालवून मोकळा होतो. तुझ्या एवढ्याशा फुशारकीपायी जगात एकच असलेली ती काडी बाकीच्या काड्यांबरोबर यंत्रातून भुगा होऊन निघाली आणि तुझ्याच ओळीत आच्छादन म्हणून पसरली. मी चौथ्या दिवशी पोचले तेव्हा तू मला तो भुगा दाखवलास, आणि तुझ्या तोंडावर जरासुद्धा पश्चात्ताप नव्हता.

मी तोंडाला येईल ते बोलले. अडाणी म्हणाले. ते मी म्हणायला नको होतं, कारण तू अडाणी का राहिलास ते मला ठाऊक आहे. आपले वडील गेले तेव्हा तू अकरावीला होतास आणि मी सातवीला. बाग सांभाळायला एक जण लागणार होता आणि शिकायला एकच जण जाणार होता, आणि ते कुणी कुणाला विचारलं नाही, तू सरळ विळा-कात्री घेऊन शेतात गेलास. मला नाशिकला होस्टेलवर टेम्पोत पेट्यांच्या मध्ये बसवून तूच सोडलंस, आणि वॉर्डनबाईंना द्राक्षांची एक पेटी देऊन म्हणालास, "भांडखोर हाय, पण हुशार हाय." माझी जर्नलं तू काढून द्यायचास, सुट्टीत, मळ्यातल्या ओट्यावर बसून. कांद्याच्या मुळातल्या पेशी तू माझ्या कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकात एकदा डोकावून जशा काढल्यास, तशा आमच्या मॅडमनाही काढता येत नव्हत्या. मी सगळ्या वर्गात पहिली आले ते तुझ्या चित्रांवर. हे ऋण कधी फिटणार नाही, आणि याचाच मला आणखी राग येतो, कारण तुझ्याशी मोकळेपणी भांडतासुद्धा येत नव्हतं.

त्या दिवशी माझं सगळं बोलून झाल्यावर तू एवढंच म्हणालास, "पुस्तकातलं समदं तुझं झालं, शैले. हे एक तरी माझं राहू दे."

मी गाडीला किक मारली.

मग तू ते 'पुन्हा करायला' लागलास. पुढच्या ऑक्टोबरला पेस्ट दोनदा, त्याच्या पुढच्या वर्षी दुप्पट कडक. हातमोजे घातले तर काडी नीट समजत नाही म्हणून उघड्या हातांनी, तळव्यांची सालं निघेपर्यंत. डोळे करपले की म्हणायचास, थंडी जास्त होती. मग मला म्हणालास, कॉलेजातून ते अक्षरांना चिकटणारं औषध आणून दे. मी म्हणाले, ते झाडाच्या अक्षरांना चिकटतं तसं तुझ्याही चिकटेल, ते ओळख बघत नाही, आणि आणणार नाही म्हणजे नाही. तू दोन वर्षं भाऊबीजेला ओवाळून घेतलं नाहीस. ताट घेऊन मी बसलेली आणि तू आपला गोठ्यात.

तेही मी सोसलं असतं. पण तू लोकांना सांगायला लागलास. द्राक्षवाल्यांच्या चर्चासत्रात फेटा बांधून स्टेजवर बसलास आणि सांगितलंस की लांब मण्याची, न तडकणारी काडी मी माझ्या पद्धतीने तयार केली, सध्या पुढचे प्रयोग चालू आहेत. तुझा शब्द म्हणजे गावात दगडावरची रेघ. शेजारच्या वस्तीवरच्या भागवतने तुझं ऐकून एक एकर बागेला पेस्ट दोनदा लावली. त्याचे डोळे उठलेच नाहीत, त्या वर्षी त्याच्या मांडवावर नुसत्या वाळक्या काड्या होत्या. तो तुला एक शब्द बोलला नाही, आणि तूही त्याला काही बोलला नाहीस. मला वाटलं तुला लाज नाही.

मग या जानेवारीच्या शेवटी वहिनींचा फोन आला की तू सकाळी बागेत पडलास आणि उठलाच नाहीस.

आठव्या दिवशी केदू अण्णा आले. पंचवीस वर्षांपासूनचा तुझा दोस्त, डोळे सुजलेले, हातात कागदांचा गठ्ठा. तुझ्या नावाने त्यांनी पत्रक छापून आणलं होतं, 'रंगाभाऊ पद्धत'. वर तुझा फेट्यातला फोटो, खाली पेस्ट किती, किती दिवसांनी, कशी. दहाव्याला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक द्यायचं ठरलं होतं. "ताई, तुम्ही दोन शब्द बोला माईकवर," अण्णा म्हणाले. "रंगाने कसं घडवलं ते शास्त्राच्या भाषेत सांगा. प्राध्यापक बहिणीनं सांगितलं म्हंजे कोणी शंका घेणार नाय. त्याचं नाव राहील."

मी म्हणाले, "अण्णा, यातलं काही खरं नाही."

"खरं-खोटं मेल्यावर काय करायचं, ताई?"

"हे वाचून पंधरा जण बागा जाळतील."

"तुम्ही बोला तर," अण्णा म्हणाले. "निस्तं बोला. चार माणसांत भावाला मोठं करायचं का उघडं पाडायचं, ते तुमच्या हातात हाय." गठ्ठा ओट्यावर ठेवून ते गेले. मी तो गठ्ठा बघत बसले. तुझा फोटो शंभरदा माझ्याकडे बघत होता. त्या खोट्याखाली माझी सहीच मागितलीस शेवटी, मेल्यावरसुद्धा.

वहिनी आतून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ताई, बागेत चला. तुम्हाला एक दाखवायचंय."

ओळीओळीतून त्या मला नेत राहिल्या. मधूनच एखाद्या काडीला चिंधी बांधलेली. वहिनींच्या जुन्या साडीची, निळी. मी विचारलं, हे काय. त्यांनी सांगितलं की मणी भरायला लागले की तू रोज उजाडता बागेत जायचास आणि एकेक झाड, एकेक घड बघत फिरायचास. काही वेगळं वाटलं की चिंधी बांधायची. मग पंधरा दिवसांनी परत बघायचं. दरवेळी काहीच नसायचं, उन्हाने नाही तर किडीने वाकडं झालेलं असायचं. तरी चिंधी सोडायचा नाहीस, म्हणायचास, पुढच्या साली बघू.

"किती वर्षं चाललंय हे?"

"सहा झाली. भागवत भाऊची बाग जळाली ना, त्या सालापासनं. पेस्टचं तर त्यांनी तवाच सोडून दिलं. आपल्या बागेत एकदाच लावतो आपण, मापात."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"मी म्हनले व्हते, ताईला सांगा. तर म्हनले, नको, शैली तास घेईल."

सहा वर्षं, दादा. सहा वर्षं तू माझ्या बाजूने होतास आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. दर रक्षाबंधनाला माझ्याशी त्याच पेस्टवरून भांडलास. स्टेजवर एक बोलायचं आणि उजाडता चोरासारखं बागेत हिंडायचं. एकदा खाली मान घालून 'तुझं बरोबर होतं' म्हणाला असतास तर काय जीभ झडली असती? मी काही पेढे वाटले नसते. खरं सांगायचं तर वाटले असते, पण मग मीही तुझ्याबरोबर आले असते. दोघांनी मिळून निम्म्या वेळात बाग बघून झाली असती. मला रविवारी सातपुरात करायला असतं तरी काय?

यंदा तू एकतिसाव्या ओळीपर्यंत पोचला होतास, तिथेच पडलास असं वहिनी म्हणाल्या. बाग अठ्ठेचाळीस ओळींची. नवव्या दिवशी पहाटे उठून मी बत्तिसावीपासून सुरू केलं. मान वर करून चालायचं, मांडवातून येणारं ऊन डोळ्यांत जातं, दोन ओळींत मानेचा काटा ढिला होतो. तू हे साठीला आलेल्या मानेने करत होतास. मला काही सापडलं नाही. दुपारपर्यंत मी सगळ्या ओळी संपवल्या आणि विहिरीवर जाऊन तोंड धुतलं. मग घरी येऊन केदू अण्णांना फोन केला की मी बोलते, माझं नाव लावा.

दहाव्याला माझ्याआधी सात जण बोलले. मागे फ्लेक्स होता, त्यावर तू 'द्राक्षक्रांतीचे जनक' झाला होतास. प्रत्येकाने तुला एकेक पायरी वर चढवलं. पत्रकं वाटून झाली होती, माणसं ती घडी घालून खिशात ठेवत होती. मी उभी राहिले आणि सांगितलं की माझ्या भावाने ती काडी घडवली नाही. ती आपोआप आली होती. पेस्टने असं होत नाही, आणि हा कागद वाचून कुणी दोनदा पेस्ट लावली तर डोळे जळतील. केदू अण्णा उठून उभे राहिले. चुलते म्हणाले, "बस कर." मी बसले नाही.

आणि मग मी तुला सांगायचा राहिलेला धडा त्यांना सांगितला. किरण मारून, औषधं लावून मुद्दाम बदल घडवणारे मोठमोठे शास्त्रज्ञ आहेत, पण घाव कुठल्या अक्षरावर बसेल ते त्यांनाही ठरवता येत नाही. बरेचसे बदल वाया जातात, कितीतरी रोपं मरतात. म्हणून ते हजारो रोपं लावतात आणि मग ओळीओळीने हिंडत बघत बसतात, यातलं एखादं वेगळं आहे का. आपोआप होवो की मुद्दाम करो, शेवटी कुणीतरी बघावं लागतं. त्या वर्षी पाऊस पडला तेव्हा आपण सगळे काय फुटलं ते बघत होतो, मी म्हणाले, आणि या माणसाने काय फुटलं नाही ते बघितलं. अशी काडी तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या बागेत येऊन गेली असेल आणि बाकीच्या मालाबरोबर पेटीत भरली गेली असेल. याच्या नजरेतून सुटली नाही. हे त्याचं काम होतं आणि ते मोठं होतं. पुढे त्याने ती काडी कापली, ती त्याची चूक. ती झाकायला तो पेस्टचं सांगत राहिला, तेही चूक. हे कागद कृपा करून परत द्या.

भागवत पहिला उठला आणि त्याने कागद आणून माझ्या हातात दिला. नंतर बायकांतून एक जण उठली, मोहाडीकडची, स्वतः बाग करणारी. तिने विचारलं, "मंग आम्ही काय करायचं, बाई?" मी म्हणाले, "छाटायच्या आधी बघा." बाकीचे जागचे हलले नाहीत. घाटावरून परतताना माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं की बहीण नाही, वैरीण आहे. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटायचं ते तुझ्यापाशी संपलंय.

घरी येताना वहिनी आणि मी दोघीच चालत आलो. त्या सगळी वाट माझ्या चार पावलं पुढे चालत होत्या. मला वाटलं, यांनाही राग आलाय. मळ्याच्या फाट्याला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, हे त्यांना सांगायचं व्हतं तुम्ही."

"कोणतं?"

"हेच. बघितलं म्हंजे काम केलं, असं. लय बरं वाटलं असतं त्यांना."

मी उसळलेच. म्हणाले, "वहिनी, तो कधी मला नीट विचारायला आला का? आला की भांडायचाच."

"इचारलं व्हतं ना त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी. कॅरेटवर बसून. मी चहा घेऊन तिथंच उभी व्हते."

त्या पुढे निघाल्या. मी फाट्यावर उभी राहिले. तुझ्यावरचा माझा राग अजून आहे, दादा, काडी कापल्याचा आहे, भागवतच्या बागेचा आहे, सहा वर्षांच्या चोरट्या पहाटांचा तर सगळ्यात जास्त आहे, आणि तेराव्यालाही तो असणार आहे. पण तू प्रश्न विचारला होतास. 'म्हंजे मी काहीच केलं नाय?' एवढा साधा. इतकी वर्षं पोरांचे पेपर तपासणाऱ्या तुझ्या बहिणीने त्याचं उत्तर चुकीचं दिलं होतं.